काळोखाची कमाई

आमच्या लहानपणी लक्ष्मीपूजन आटोपले, की आजोबा आम्हां मुलांना गच्चीवर नेत. अवसेची रात्र, कठड्यावर पणत्यांची ओळ. "पणत्यांकडे पाठ करून बसा, म्हणजे वरचे दिवे दिसतील," असे ते म्हणत. अमेरिकेतील पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीची हकीकत वाचताना मला त्यांचे ते बोलणे आठवले.

जॉर्ज एलरी हेल हा मोठा खटपटी ज्योतिर्विद. यर्किस वेधशाळेत १८९७ साली त्याने ४० इंची भिंगाची दुर्बीण उभारली; पुढे माउंट विल्सनवर १९०८ मध्ये ६० इंची व १९१७ मध्ये १०० इंची आरशाची. तरी त्याचे समाधान होईना. शिवाय पायथ्याच्या लॉस एंजेलिसचे दिवे वाढत चालले आणि अंधूक तारे त्या उजेडात बुडू लागले. अखेर १९२८ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून ६० लाख डॉलर मिळवून त्याने २०० इंची दुर्बिणीचा घाट घातला. जागा ठरली ती शहरापासून दूर, पालोमारच्या काळोखात.

मार्च १९३४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावी आरशाची काच ओतली. पाठीला खळगे राहावेत म्हणून साच्यात ठोकळे बसवले होते. त्यांचे बोल्ट उष्णतेने वितळले आणि ठोकळे रसावर तरंगू लागले! डिसेंबरात पुन्हा काच ओतली. ती तडकू नये म्हणून निवायलाच सुमारे दहा महिने दिले. १९३६ मध्ये ती आगगाडीने पॅसाडेनाला पोहोचली. तिथे घासता घासता तिच्यातली सुमारे पाच टन काच गेली. मध्ये महायुद्धामुळे काम थांबले, ते वेगळेच.

दुर्बिणीचे समर्पण ३ जून १९४८ रोजी झाले. तिला हेलचे नाव दिले. पण तो १९३८ मध्येच वारला होता. ज्या दुर्बिणीसाठी देह झिजवला, तिच्यातून एक ताराही त्याने पाहिला नाही.

पुढे १९६३ मध्ये मार्टिन श्मिट याने याच दुर्बिणीने एका ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट तपासला. तो तारा नव्हताच. त्याचा प्रकाश निघाल्याला सुमारे दोनशे कोटी वर्षे झाली होती!

आजोबा आता नाहीत. यंदा पूजा झाली, की मीही नातवंडांना गच्चीवर नेईन म्हणतो. पणत्या तेवोत, गच्चीवरचा विजेचा दिवा मात्र घटकाभर मालवावा लागेल.