दात काढल्यावरची काळजी

दात काढल्यावर हिरडीत व जबड्याच्या हाडात राहणारी खाच विनाउपद्रव भरून यावी म्हणून रुग्णाने घरी पाळायची पथ्ये. ही नोंद वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुका डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातला हा कापूस, तूर, सोयाबीनचा तालुका. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच तालुक्यात आहे. येथला रुग्ण दात काढून त्याच दिवशी गावी किंवा तांड्यावर परततो आणि हंगाम असेल तर दुसऱ्या दिवशी शेतात जातो. फेरतपासणीला येणे म्हणजे एक रोज बुडवणे. म्हणून दवाखान्यातून निघताना मिळालेल्या सूचनांनाच येथे उपचाराचे मोल असते, आणि त्या घाईत, सुन्न जबड्याच्या माणसाला तोंडी सांगून भागत नाही; सोबतच्या माणसालाही सांगाव्या लागतात.

रक्ताची गाठ : खाचेत जमणारी रक्ताची गाठ हेच जखमेचे झाकण. तिच्याखाली नवे ऊतक येते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिळते आणि आतले हाड भरायला काही महिने लागतात. पहिल्या चोवीस तासांतली सारी पथ्ये ही गाठ जागेवर राहावी एवढ्यासाठीच आहेत. गॉजचा बोळा खाचेवर ठेवून ३० ते ४५ मिनिटे दात घट्ट मिटून धरायचा असतो. प्रत्यक्षात रुग्ण दर पाच मिनिटांनी बोळा काढून रक्त थांबले का ते पाहतो, थुंकतो, पुन्हा बोळा ठेवतो. प्रत्येक वेळी जमत आलेली गाठ निघून येते. चार थेंब रक्त लाळेत मिसळले की तोंडभर रक्त आल्यासारखे दिसते. लाळ गुलाबी असेल तर ती गिळावी, थुंकू नये. रक्त खरेच वाहत असेल तर स्वच्छ गॉज किंचित ओला करून, नेमका खाचेवर ठेवून, न बोलता पुन्हा अर्धा तास दाबून धरावा. गॉज नसेल तर धुतलेल्या सुती कापडाची घडी चालते. सुटा कापूस ठेवू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात.

पहिल्या दिवशी चूळ खळखळून भरू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, जीभ किंवा बोट खाचेत घालू नये. झोपताना उशी उंच घ्यावी. गालावर बाहेरून थंड पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवून काढावी; सूज त्याने किती कमी होते याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत, पण आराम पडतो. गरम शेक पहिल्या दिवशी वर्ज्य. वैशाखातल्या उन्हात वाकून काम करणे किंवा डोक्यावर ओझे वाहणे दोन दिवस टाळावे. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, तोंडात धरून, मान कलती करून पाणी सोडून द्यावे. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी, आठवडाभर. बाकीचे दात पहिल्या दिवसापासून घासावेत.

खर्रा : विदर्भातील रुग्णाला द्यायच्या सूचनांत हा विषय सर्वांत मोठा आहे, आणि छापील पत्रकांत बहुधा ‘धूम्रपान टाळा’ एवढ्या एका ओळीत तो निसटतो. खर्रा ओढला जात नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तो गालात धरला जातो. त्यामुळे ‘मी बिडी पीत नाही’ म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नसतो आणि तरीही धोक्यात असतो. निकोटिनाने रक्तवाहिन्या आकसतात, चुना ताज्या जखमेला भाजतो, सुपारीचा कण खाचेत बसतो आणि पिचकारी टाकताना तोंडात जो ताण निर्माण होतो तो गाठ उपटायला पुरेसा असतो. दुसऱ्या गालात धरल्याने काही वाचत नाही. रस सगळ्या तोंडात फिरतो. मिश्री आणि तपकिरीलाही हेच लागू. स्त्रिया मिश्रीला व्यसन मानत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल नाव घेऊन विचारावे लागते. किती दिवस थांबावे याबाबत एकवाक्यता नाही. किमान ७२ तास हा बहुतेकांचा सल्ला. आठवडा थांबणे अधिक सुरक्षित.

सुपारीचा दुसरा परिणाम आधीच झालेला असतो. वर्षानुवर्षांच्या सेवनाने गालाची त्वचा आतून कडक होते, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. अशा तोंडात मागची दाढ काढणे अवघड जाते, हाडाला इजा अधिक होते आणि जखम रेंगाळते. या रुग्णाला दाढेच्या सूचनांबरोबर कर्करोगपूर्व अवस्थेच्या तपासणीसाठीही पाठवले पाहिजे.

कोरडी खाच : गाठ निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडे पडते. दंतवैद्यकात या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. तिचे पहिले वर्णन १८९६ मध्ये झाले. साध्या दंतोत्पाटनानंतर शंभरात एक ते पाच जणांना, खालच्या अक्कलदाढेनंतर याहून बऱ्याच जास्त रुग्णांना ती होते. ओळखण्याची खूण वेळेची आहे. साधी वेदना रोज थोडी उतरत जाते. ही दुसऱ्या ते चौथ्या दिवशी चढते, कानाकडे जाते, रात्री झोपू देत नाही, तोंडाला घाण वास येतो आणि खाच रिकामी, करडी दिसते. ताप व सूज बहुधा नसते. रुग्णाला वाटते दाताचा तुकडा आत राहिला किंवा शेजारचाच दात दुखतोय, आणि तो काढून मागतो. प्रतिजैविकाची जादा पट्टी देणे हा उपाय नव्हे. खाच सलाइनने हळुवार धुऊन लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी भरली की बहुतेकांना काही तासांत आराम पडतो. घरच्या घरी लवंग तेलाचा बोळा खोचून ठेवू नये; शुद्ध तेल ऊतकाला भाजते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळते. त्याविषयी मात्र दवाखान्यात क्वचितच विचारले जाते.

डोळ्यांची भीती : वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत वरचा दात हलत असला तरी काढू नये, अतिरक्तस्रावाने अंधत्व व तोंड वाकडे होणे संभवते, असे सांगितले आहे. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगळ्या आहेत. वरची दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. मात्र वरच्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातील पोकळीला अनेकदा भिडलेली असतात. चूळ नाकातून येऊ लागली तर नाक शिंकरू नये आणि लगेच परत यावे.

औषधे : पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र घेतल्याने वेदना चांगली आटोक्यात राहते, सुन्नपणा उतरण्याआधी पहिला डोस घ्यावा. पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. अ‍ॅस्पिरिनची पूड हिरडीवर दाबू नये. सरसकट प्रतिजैविके द्यावीत का, यावर मतभेद आहेत.

अन्न : पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि मऊ. ताक, आंबील, कण्या, मऊ खिचडी, केळी. ठेचा, फुटाणे, कडक भाकरी आठवडाभर नको. मधुमेही रुग्णाने गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहू नये.

रक्त पातळ करणारी औषधे : दात काढायचा म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत. रक्तस्राव थांबवता येतो, हृदयाचा झटका किंवा पक्षाघात परतवता येत नाही. हाडांच्या ठिसूळपणावरील इंजेक्शने आणि जबड्याला दिलेली किरणोपचार-चिकित्सा दात काढण्यापूर्वीच सांगावी.

लहान मुले : सुन्न ओठ चावणार नाही याकडे दोन-तीन तास लक्ष ठेवावे.

टाके : न विरघळणारे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात.

तातडीची लक्षणे : दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, तिसऱ्या दिवसानंतर वाढणारी सूज, ताप व थंडी, ओठाचा किंवा हनुवटीचा दुसऱ्या दिवशीही टिकलेला सुन्नपणा. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी दगडासारखी कडक सूज, जीभ वर उचलली जाणे, लाळ गिळता न येणे, आवाज बदलणे ही श्वास कोंडण्याची पूर्वचिन्हे आहेत. अशा वेळी दंतवैद्याची वेळ पाहत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, रुग्णाला आडवे न झोपवता बसवूनच मोठ्या रुग्णालयात न्यावे.