खेळून झिजलेली चित्रे

मार्चअखेरीस शिरोड्याच्या एखाद्या वर्गात वीज गेली, की मुलांच्या हातात वहीचा पुठ्ठा येतो. खाऱ्या, दमट हवेत जोरजोरात वारा घालायचा, तर दोन दिवसांत पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडतात, चौथ्या दिवशी तो दुमडतो आणि मग कचऱ्यात जातो. त्यावर नट-नटीचे किंवा गवयाचे चित्र असले तरी कोणाला हळहळ वाटत नाही. आता समजा, दीडशे वर्षांनी कोणाला विचारावेसे वाटले, की या गावातली माणसे फावल्या वेळात काय पाहत होती, त्यांना कोणाचे गाणे आवडत होते? उत्तर त्या पुठ्ठ्यावर होते आणि पुठ्ठा तर गेला.

ही अडचण आपल्यापुरती नाही. जपानमधल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उन्हाळा आला की नवा हातपंखा घ्यायची रीत होती. बांबूच्या चिरलेल्या काड्यांवर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला हा न मिटणारा पंखा; त्याला 'उचिवा' म्हणत. कागदावर लाकडी ठशांनी छापलेले रंगीत चित्र असे. एकेका रंगाला वेगळा ठसा लागे. असे अनेकरंगी ठसे 1765 च्या सुमारास प्रचारात आले आणि चित्र सामान्य शहरवासीयाच्या खिशाला परवडू लागले. विषयही त्याच्याच आवडीचे. सुमिदा नदीवरच्या नावांत शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवणाऱ्या बाया, र्योगोकु पुलाजवळची आतषबाजी, काबुकी नाटकातले लाडके नट. हिरोशिगे (1797–1858), कुनिसादा, कुनियोशी यांच्यासारख्या नामवंतांनी पंख्यांसाठी शेकड्यांनी चित्रे केली. सरकारला ही चैन खुपली. 1842 मध्ये नट आणि गणिका यांची चित्रे छापायला बंदी झाली. बंदी घालावी लागली यावरूनच ती किती खपत होती ते कळते.

पण यातला गमतीचा भाग पुढेच आहे. जगभरच्या संग्रहालयांत आज जी पंखाचित्रे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवर काड्यांच्या खुणाच नाहीत. म्हणजे ती कधी पंख्यावर चढलीच नाहीत! प्रकाशकाच्या नमुन्यांच्या वहीत राहिली म्हणून किंवा विकली गेली नाहीत म्हणून ती वाचली. ज्यांनी खरोखर वारा घातला ते पंखे त्याच पावसाळ्यात संपले.

हेच आपल्या अंगणात पाहायचे तर शिरोड्याहून आजगाव, मळेवाडमार्गे सावंतवाडी गाठावी. रस्ता एसटीने तासाभराचा. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, गोल आकाराचे खेळायचे पत्ते. खेळ इराणकडून आला असे मानतात. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फझलने बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे 144 पानांच्या जोडाचे वर्णन केले आहे. ('रंग' म्हणजे आपल्या पत्त्यांत इस्पिक, बदाम वगैरे असतात तसा.) पुढे 96 पानांचा आठरंगी जोड रूढ झाला. दख्खनेत आणि कोकणात मात्र बादशाही चिन्हे गेली आणि त्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. ही दशावतारी गंजिफा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, एकूण 120. राजा म्हणजे तो अवतारच, बहुधा मखरात बसलेला. प्रधान बहुतेक घोड्यावर. मत्स्याच्या पानांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगाची जमीन निराळी, त्यामुळे अक्षरओळख नसलेलाही बिनचूक खेळे.

सावंतवाडीत हे काम चितारी मंडळींचे. लाकडी फळे आणि खेळणी रंगवणारेही तेच. कागदाचे किंवा जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, मग रंगवायचे आणि लाखेचा लेप द्यायचा. यात विज्ञान भरपूर आहे. चिंचोक्याच्या गरात साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात. गरम पाण्यात त्या फुगतात आणि वाळताना कागदाच्या तंतूंना धरून ठेवतात. पण ही खळ पाण्याने सुटते आणि झुरळांनाही आवडते. लाख हा एका किड्याने स्रवलेला राळेसारखा पदार्थ, त्याला पाणी भिजवू शकत नाही. खळ थरांना धरते, लाख खळीला राखते. कोकणच्या पावसाळ्यात नुसत्या खळीवर भागले नसते.

एवढे करूनही पान झिजतेच. बोटांचा घाम लागतो, पाने एकमेकांवर आपटतात, कडांची लाख टवकते, तिथून ओल शिरते आणि थर सुटतात. गंजिफांचे दोन प्रकार सांगतात: दरबारी कलम आणि बाजारी कलम. दरबारी जोड हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, सोन्याच्या कामाचे. बाजारी जोड कागदाचे, झटपट रंगवलेले. संख्येने अर्थातच बाजारी जोड जास्त होते, पण काचेच्या कपाटात मान मिळतो तो दरबारी जोडांना. ते पेटीत जपले गेले, क्वचितच खेळले गेले. ते पाहून 'गंजिफा हा राजेरजवाड्यांचा खेळ' असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या मते ही चूक आहे. कपाटात उरले ते जास्त जपलेले, जास्त खेळलेले नव्हे.

जपानी चित्रकारांच्या तुलनेत आपली आणखी एक अडचण आहे. त्या पंखाचित्रांवर चित्रकाराची सही, प्रकाशकाची खूण, तपासनिसाचा शिक्का आणि कित्येकदा वर्षाचे चिन्हही असते, त्यामुळे चित्र कोणत्या उन्हाळ्यातले हे सांगता येते. चिताऱ्याने आपले नाव सहसा घातले नाही. जोडाचा काळ ठरवायचा तो शैलीवरून, रंगांवरून, चिन्हांवरून.

आणि छपाईचे म्हणाल तर तिने दोन ठिकाणी अगदी उलटी कामे केली. एदोत तिने चित्र गल्लीबोळात पोचवले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात युरोपातून छापील, चौकोनी, बावन्न पानांचे पत्ते स्वस्तात आले आणि गंजिफा मागे पडली. एक जोड हाताने रंगवायला जे दिवस जात, त्यांची किंमत कोण मोजणार? जुन्या खेळाडूंबरोबर खेळही गेला. 1971 मध्ये शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स'ची सुरुवात केली, तेव्हा जुनी पद्धत नीट जाणणारे पुंडलिक चितारी हे एक वयोवृद्ध कारागीर होते. त्यांच्याकडून हात शिकून घेतला गेला. स्वतः राणीसाहेबही रंगवायला बसत. मुंबईत राहणारे जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या आणि 1982 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्यांची सूची केली. हिरोशिगेच्या पंखाचित्रांचा मोठा संग्रहही त्याच संग्रहालयात आहे.

कला वाचली, याचा आनंद आहेच. पण आज जोड विकत घेणारा तो पेटीतच ठेवतो किंवा चौकटीत लावतो. या जोडांचे कोपरे शंभर वर्षांनीही कोरे राहतील. चित्र राहिले, खेळ उरला नाही. पंख्याचा कागद पंख्यावर न चढताच राहावा, तसेच हे झाले.

वर्गात निदान साधा जोड करून पाहता येईल. वर्तमानपत्राचे चार-पाच थर, चिंचोक्याची खळ, बांगडीभोवती आखलेले गोल. खळीऐवजी मैद्याची चिकी वापरून दुसरी काही पाने करावीत, निम्म्या पानांना लाखेचा हात द्यावा आणि महिनाभर खेळून कोणती आधी सुटतात ते टिपून ठेवावे. तिघांना प्रत्येकी 40 पाने येतात. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का खालचा, उरलेल्यांत नेमके उलटे, म्हणून कोणती पाने पडून गेली ते लक्षात ठेवणारा जिंकतो. उतारी दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, आणि दिवे लागल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची.