शल्यशिक्षणाची कसोटी : श्रवण आणि हस्तकर्म

शास्त्र पुष्कळ ऐकूनही ज्याने हाताने सराव केला नाही, तो शिष्य सुश्रुतसंहितेने शस्त्रकर्मास अपात्र ठरविला आहे. छेदनाचा अभ्यास भोपळ्यासारख्या फळांवर करावयाचा होता. १८४५ मध्ये मुंबईस सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजास जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाची जोड होती, आणि पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांचा भर रुग्णशय्येजवळील अध्यापनावर होता. २०२० च्या महासाथीत वर्ग ऑनलाइन झाले. शस्त्रक्रियेचा क्रम पडद्यावरून समजतो. टाक्याची ओढ मात्र हातासच कळते. म्हणून केवळ लेखी गुणांवरून दोन्ही पद्धती समतुल्य ठरविणे सदोष होय. पर्यवेक्षणाखाली केलेले कर्म हीच खरी कसोटी. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावच्या रुग्णाचे हित तिच्यावरच अवलंबून आहे.