‘सहा महिने टिकते’ : एका आकड्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी आजी एकटीच राहते. गेल्या दिवाळीत तिच्या पडवीत आम्ही एक बिनतारी कॅमेरा बसवला. एकदा चार्ज केला की सहा महिने चालेल, असे खोक्यावर छापले होते. एकोणिसाव्या दिवशी तो बंद पडला. त्याच रात्री कुणीतरी दाराची कडी वाजवून गेले. आजी जागी होती, कॅमेरा मात्र झोपला होता.

२/ तो आकडा खोटा होता का? इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोणतेही साधन हाती आले की काही प्रश्न विचारावेच लागतात. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? कोणत्या परिस्थितीत लिहिले? हेच प्रश्न मी त्या खोक्याला विचारले, आणि शोध थेट एकोणिसाव्या शतकातील पॅरिसपर्यंत जाऊन पोहोचला. त्या शोधाचा हा थ्रेड.

३/ सन १८५९. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात ठेवले आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी सिद्ध केली. परंतु ती पूर्ण क्षमतेला येण्यासाठी दीर्घकाळ चार्ज-डिस्चार्जची आवर्तने करावी लागत. प्रयोगशाळेत हे चालून गेले. बाजारात चालणारे नव्हते.

४/ १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला. बॅटरी तयार होण्याचा काळ एकदम घटला. त्याच वर्षी फोरच्या चार्ज केलेल्या बॅटऱ्यांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्याकडे नेण्यात आली. प्रवास सुमारे ७२ तासांचा होता.

५/ त्या पेटीत दहा लाख फूट-पाउंड ऊर्जा असल्याची वार्ता वृत्तपत्रांतून गाजली. आकडा ऐकायला अजस्र वाटतो. आजच्या मापात तो सुमारे ३७७ वॉट-तास भरतो, म्हणजे १०० वॉटचा एक दिवा पावणेचार तास. एककात केवढी जादू असते पहा! लोकांना दिपवायचे असेल, तर लहान एकक निवडावे आणि आकडा मोठा करावा.

६/ या कौतुकानंतर परीक्षा झाली. पॅरिसच्या ‘कॉन्झर्व्हातुआर दे झार ए मेतिए’ या संस्थेत १८८२ च्या आरंभी त्रेस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरच्या बॅटऱ्या तपासल्या. किती ऊर्जा आत घातली आणि किती परत मिळाली, यांचा त्यांनी ताळेबंद मांडला. घातलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा परत येतच नव्हता. दाव्यासमोर मोजमाप उभे राहिले.

७/ १८८३ मध्ये थॉमस एडिसन याने एका मुलाखतीत संचायक बॅटरीचा धंदा म्हणजे भागधारकांना फसवण्याचा उद्योग आहे, अशा आशयाची टीका केली. गंमत अशी की १९०१ मध्ये त्याच एडिसनने स्वतःची बॅटरी कंपनी काढली. शिशाऐवजी लोखंड आणि निकेल वापरलेली ही बॅटरी विजेच्या मोटारींसाठी होती.

८/ १९०३ मध्ये ती बाजारात आली आणि लवकरच तक्रारी सुरू झाल्या. डबे गळत होते, क्षमता घसरत होती. एडिसनने उत्पादन थांबवले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा वर्षानुवर्षे प्रयोग केले. सुधारित बॅटरी १९०९ मध्ये आली. ती टिकाऊपणासाठी नावाजली गेली, पण तोवर पेट्रोलच्या मोटारींनी रस्ता व्यापत आणला होता.

९/ एडिसनच्या प्रयोगशाळेत चाचण्यांची वाण नव्हती. तरीही ग्राहकाच्या हाती गेल्यावर बॅटरीचे खरे रूप उघडे पडले. प्रयोगशाळेतील टेबल आणि रस्त्यावरचे खड्डे ही दोन निराळी जगे आहेत. या थ्रेडमधील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

१०/ याच गोष्टीला गणिती रूप १८९७ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म पॉयकर्टने दिले होते. शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या वेगाने काढावी, तितकी ती एकूण कमी मिळते, असा त्याच्या नियमाचा अर्थ. म्हणजे बॅटरीची ‘क्षमता’ हा घागरीतील पाण्यासारखा ठरलेला साठा नव्हे. तो कसा वापराल, यावर उत्तर बदलते.

११/ आता कॅमेऱ्याकडे वळू. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिका होत्या. कामाच्या वेळा विषम, वस्तीत गुन्हे वाढलेले, पोलीस उशिरा येणारे. त्यांनी पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये घरगुती सुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले.

१२/ दाराला वेगवेगळ्या उंचीची चार छिद्रे, त्यांमागे सरकणारा कॅमेरा, घरात टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि धोक्याची सूचना देणारी कळ, अशी ती रचना होती. एकट्या माणसाची भीती हेच या शोधाचे मूळ. मात्र त्या काळचे कॅमेरे आणि टीव्ही संच इतकी वीज खात की, मुठीएवढ्या बॅटरीवर ते महिनोनमहिने चालवणे कल्पनेपलीकडचे होते.

१३/ ते शक्य झाले लिथियम-आयन बॅटरीमुळे. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या कामावर उभी राहिलेली ही बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. योशिनो यांनी १९८६ मध्ये बॅटरीवर लोखंडी वजन पाडून सुरक्षिततेची चाचणी घेतली होती. बॅटरी पेटली नाही, आणि पुढचा मार्ग खुला झाला.

१४/ पण आजही या बॅटरीची क्षमता कशी मोजतात? प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुमारे २० अंश तापमानात, साधारण पाच तासांत ती रिकामी होईल अशा स्थिर गतीने. दाराबाहेरचा कॅमेरा असा वागतच नाही. तो बहुतेक वेळ डुलकी घेतो. समोर उष्ण शरीर हलले की अवरक्त संवेदक त्याला जागे करतो, आणि मग चित्रण, वाय-फाय, रात्रीचे दिवे असा सगळा खर्च एकदम सुरू होतो.

१५/ एक काल्पनिक हिशेब करू. बॅटरी १८.७ वॉट-तासांची. झोपेतील खर्च दिवसाला ०.१२ वॉट-तास. जागेपणी १.२ वॉट, दर वेळी १५ सेकंद. दिवसात ५ वेळा जाग आली, तर बॅटरी सुमारे १२९ दिवस पुरेल. २० वेळा आली, तर ८५ दिवस. २०० वेळा आली, तर जेमतेम १७ दिवस! बॅटरी तीच, कॅमेरा तोच. बदलली फक्त समोरची वर्दळ.

१६/ आजीच्या पडवीसमोर रस्ता आहे, आणि दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. रात्रभर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या, मागे धावणारी कुत्री. कॅमेरा प्रत्येकाची नोंद घेत राहिला आणि थकून गेला. ‘सहा महिने’ हा आकडा ज्या दाराशी मोजला गेला, तिथे ऊस जात नसावा.

१७/ मग मी स्वतः चाचणी घेतली. पूर्ण चार्ज, रोज रात्री नऊ वाजता शिल्लक टक्केवारी, दिवसभरातील चित्रणांची संख्या आणि वाय-फायची ताकद यांची वहीत नोंद. बदल एकच केला : कॅमेरा रस्त्यावरून वळवून फक्त उंबरठ्याकडे लावला. हंगाम अजून चालू आहे. आज ७४ वा दिवस, आणि ३१ टक्के शिल्लक आहे.

१८/ तुम्हीही मोजणार असाल, तर तीन पथ्ये पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पडद्यावरची टक्केवारी हा अंदाज असतो. म्हणून निदान एक फेरी तरी कॅमेरा बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि तेवढ्या काळात दार त्याच्या भरवशावर सोडू नका. शिवाय नव्या बॅटरीचा निकाल दोन वर्षांनी लागू पडत नाही : प्रत्येक आवर्तनागणिक आणि उन्हाळ्यागणिक ती थोडी थोडी झिजते. दरवर्षी पुन्हा मोजा.

१९/ तर तो आकडा खोटा होता का? तो कोणत्या तरी परिस्थितीत खरा असेलही. पण ती परिस्थिती आमची नव्हती, आणि खोक्यावर तिचा उल्लेखही नव्हता. फोरच्या पेटीपासून आजीच्या पडवीपर्यंत फरक पडला तो उपकरणांत. आकडा मोठ्याने सांगणारे आणि अटी विचारणारे, अशा दोन बाजू तेव्हाही होत्या आणि आजही आहेत.

२०/ आजीला हे सारे सविस्तर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तू वही लिही. मी मात्र रात्री कडी लावून कुलूपही घालणार.” दाव्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतःची तजवीज करावी, हे तिला कोणत्याही पेटंटाआधीपासून ठाऊक होते.