प्रवाह थोडा, म्हणून हिशेब नको?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात काय किंवा अन्यत्र काय, डोसिंग पंप बसवताना एक मत सर्रास ऐकू येते: तासाला शंभर लिटर द्रावण ओढायचे, त्याला सक्शन हेडचा हिशेब कशाला? टाकी मीटरभर खाली, पाईप चार मीटर, घर्षण नगण्य. वातावरणाचा दाब दहा मीटर पाणी पेलतो, मग अडचण कुठली?

घर्षणापुरते हे बरोबर आहे. १० मिमी आतल्या व्यासाच्या पाईपात सरासरी वेग सेकंदाला ०.३५ मीटर, घर्षणात जेमतेम १० सेंटिमीटर हेड जाते. पण डायफ्राम पंपात द्रव सरासरी वेगाने वाहतच नाही. मिनिटाला १०० स्ट्रोक म्हणजे पाईपातले द्रावण शंभर वेळा थांबते आणि शंभर वेळा नव्याने ओढले जाते. ज्यावक्रीय गती धरली तर कमाल वेग सरासरीच्या ३.१४ पट, आणि स्ट्रोकच्या आरंभी त्वरण ११.६ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाहूनही जास्त. चार मीटर द्रावणाला एवढे त्वरण द्यायला ४.७ मीटर हेड लागते. त्या क्षणी वेग शून्य असतो, म्हणून केवळ घर्षण मोजणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही.

आता जमाखर्च मांडू. पांढुर्णा सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवर. इथे वातावरण १०.३ नव्हे, ९.८ मीटर पाणी पेलते. १२ टक्के सोडियम हायपोक्लोराइट पाण्याच्या सुमारे १.२ पट जड, म्हणून त्याचे ८.१ मीटरच. त्यातून उचल १ मीटर, त्वरण ४.७, चाळीस अंशांचा बाष्पदाब ०.६. दोन मीटरही उरत नाहीत, आणि पंपाची स्वतःची गरज अजून भागायची आहे. त्यात हायपोक्लोराइट उन्हाळ्यात आपसूक वायू सोडते. दाब उतरला की बुडबुडे पंपहेडात अडकतात. पंप टकटक करत राहतो, पण दर स्ट्रोकला तोच बुडबुडा दाबतो नि फुगवतो; क्लोरीन पुढे जात नाही. आळ मात्र डायफ्रामवर येतो आणि धडधाकट डायफ्राम बदलला जातो.

मऊ नळी थोडा धक्का पचवते, हे मान्य. पण तिच्या भरवशावर आकडा सोडता येत नाही. टाकी वर ठेवली की प्रश्न मिटतो, हेही अर्धेच खरे. मीटरभर हेड मिळेल, त्वरणाचे ४.७ तसेच राहतील. शिवाय पुढचा दाब कमी असेल तर पंप बंद असतानाही द्रावण वाहत राहील, म्हणून बॅक-प्रेशर व्हॉल्व्ह लागेलच. जाड पाईप प्रायमिंगला वेळ घेतो, हा आक्षेप रास्त. पण २० मिमीच्या पाईपाने त्वरणाचे हेड १.२ मीटरवर येते. तेही नको असेल तर पंप टाकीशेजारी सरकवा: १० मिमीचाच पाईप चारऐवजी एक मीटर ठेवला, तरी तेच १.२.