एका सहाबारी पिस्तुलाची परीक्षा
(फलटण प्रांतातील एका दप्तराच्या निमित्ताने)

जुने कागद शोधावयास गावोगाव हिंडणाऱ्यास कागदांखेरीज अन्य वस्तूही दाखविल्या जातात. देवघरातील ताम्रपट, माळ्यावरील पट्टे व दांडपट्टे, कोनाड्यातील तोड्याची बंदूक, आणि क्वचित् एखादे पिस्तूल. या वस्तूंविषयी घरात एखादी कथा चालत आलेली असते, व वस्तू समोर असल्यामुळे कथाही खरीच असली पाहिजे असे मालकांस वाटते. कागदाचे बाबतीत आम्ही इतके भोळे नसतो. शिक्का, हस्ताक्षर, मायना, तिथी व वार यांचा मेळ बसल्यावाचून आम्ही पत्र अस्सल मानीत नाही. मात्र हत्यार हाती आले म्हणजे आमच्यापैकी पुष्कळांची चिकित्सा थांबते. ती तेथेही चालविता येते, एवढे दाखवावे यासाठी हा लेख आहे.

फलटण तालुक्यातील एका घराण्याचे दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. दप्तराबरोबर फिरत्या चक्राचे एक पिस्तूल होते. घरधन्यांनी परवान्याचा कागद प्रथम पुढे ठेवला, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. पिस्तूल इ. स. १८५७ च्या धामधुमीत एका गोऱ्या अंमलदाराकडून पणजोबांच्या हाती आले व त्यांनी ते पुढे अनेक वर्षे शिकारीत वापरले, अशी घरची समजूत होती. दप्तरातील वस्तूंच्या एका यादीत ‘सहाबारी पिस्तूल नग १’ अशी नोंदही निघाली. एक संग्राहक हे पिस्तूल या नोंदीसह मोठ्या किमतीस घेण्यास तयार होते, व घेण्यापूर्वी त्यांनी आमचे मत विचारले. रकमेचा प्रश्न त्यांचा होता. परंतु नोंद व वस्तू एकदा जोडली गेली की पुढचे लेखक त्या जोडीचा पुरावा म्हणून उपयोग करणार, म्हणून प्रश्न आमचाही झाला.

प्रथम काळाचा विचार करू. फलटणच्या नाईक निंबाळकरांशी इतर सातारकर जहागीरदारांप्रमाणेच कंपनी सरकारने इ. स. १८२० मध्ये करार केला. साताऱ्याचे राज्य इ. स. १८४८ मध्ये खालसा झाल्यावर हे जहागीरदार थेट इंग्रजांचे मांडलिक बनले. पूर्वी स्वारांच्या रूपाने द्यावयाची चाकरी पुढे रोख खंडणीत बदलली, व फलटणची ही रक्कम सालीना ९,६०० रुपये होती. चाकरी रोख झाली तेव्हा हत्यारांचा उपयोग शिकार, पहारा व मिरवणूक एवढाच राहिला. इ. स. १८४१ मध्ये दत्तक आलेले मुधोजीराव नाईक निंबाळकर इ. स. १९१६ पर्यंत हयात होते. रिव्हॉल्वर या हत्याराची जवळजवळ सारी वाढ याच एका आयुष्यात मावते. सॅम्युएल कोल्टची अमेरिकेतील सनद इ. स. १८३६ ची, लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट व रॉबर्ट ॲडम्स यांची पिस्तुले शेजारी मांडली गेली ती इ. स. १८५१ ची, आणि वेबलीचा सहावा नमुना इंग्रजी फौजेत आला तो इ. स. १९१५ चा. त्यामुळे एखादे रिव्हॉल्वर ‘संस्थानी काळातले’ आहे एवढ्याने काहीच ठरत नाही. ते या लांब काळात कोणत्या टप्प्यावर बसते, हे पाहावे लागते.

वापरलेले हत्यार परक्याकडून घ्यावयाचे व घेण्यापूर्वी पारखावयाचे, हा प्रसंग मराठ्यांस नवा नव्हता. इ. स. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ व गोळे घेऊन सिद्दी जौहराच्या छावणीत गेला, त्यात आपला माल खपविण्याचा हेतू होता. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याचा जबाब घेतला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पावसाळ्यात तोफांस तेलमेण द्यावे, त्यांचे कान मेणाने भरून वर आच्छादन घालावे, दारू वरचेवर उन्हात घालावी, अशी ताकीद आहे. गंज व ओल हे हत्याराचे खरे वैरी आहेत ही जाण तीत स्पष्ट दिसते. इ. स. १७९०–९१ च्या धारवाडच्या वेढ्यात परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर असलेल्या इंग्रजी तुकडीतील एडवर्ड मूर याने मराठ्यांच्या मोर्चातील तोफा फार सावकाश डागल्या जात, एक बार झाल्यावर मंडळी गप्पा मारीत व हुक्का ओढीत बसत, असे लिहून ठेविले आहे. मूर याचा अर्थ आळस असा करतो. जुन्या व अनेक ठिकाणांहून जमविलेल्या तोफांची नळी निवू देणे हे शहाणपणाचेही असू शकेल, असा आमचा तर्क आहे. उलटपक्षी महादजी शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉच कारागीर चांगल्या बंदुका सुमारे दहा रुपयांत तयार करीत असे. घरी केलेल्या मालाचे दोष ठाऊक असतात, बाहेरून घेतलेल्याचे शोधावे लागतात.

आता प्रस्तुत पिस्तुलाकडे वळू. कोणतेही जुने हत्यार हाती घेतल्यावर पहिली परीक्षा ते रिकामे आहे की नाही हीच होय. टोपीच्या हत्यारात दारू व गोळी पुढून भरली जात असल्याने भरलेले घर बाहेरून ओळखू येत नाही, व असे बार पिढ्यान् पिढ्या तसेच राहिल्याची उदाहरणे आहेत. नळीचे तोंड निर्जन दिशेस ठेवून प्रत्येक घरात लाकडाची बारीक काडी घालावी व आतील खोली बाहेरून मोजलेल्या लांबीशी ताडून पाहावी. काडी उथळ थांबली तर तेथेच हात आवरून जाणत्या परवानेदार कारागिराकडे जावे. आमच्या पिस्तुलाची सर्व घरे रिकामी निघाली. मात्र ती मोजताना पहिला धक्का बसला. घरे सहा नसून पाच होती.

नळी व सांगाडा एकाच लोखंडातून घडविलेला, घोड्यास अंगठ्याने चढविण्याची शेपटी, आणि चाप ओढूनही चढणारा घोडा, या खुणांवरून पिस्तूल ॲडम्सच्या घडणीचे, ब्यूमाँटने इ. स. १८५६ मध्ये सुधारलेल्या जातीचे ठरते. या जातीस पाचच घरे असतात. तेव्हा इ. स. १८५७ ही कथा काळाच्या दृष्टीने अशक्य नाही. ‘सहाबारी’ या शब्दावरही फार भार देता येणार नाही, कारण आपल्याकडे कोणत्याही फिरत्या चक्राच्या पिस्तुलास लोक सरसकट सहाबारी म्हणत. केवळ शब्दावरून नोंद खोटी वा वस्तू निराळी, असा निर्णय देणे अन्यायाचे झाले असते. म्हणून यंत्राची साक्ष घेणे प्राप्त झाले.

नळी दिव्यासमोर धरून पाहिली. आतील आटे तोंडाशी झिजलेले, मध्ये गंजाचे बारीक खड्डे, पण फुगवटा कोठेही नाही. फुगवटा असता तर आतील उजेडात एक काळे कडे दिसले असते. नळीवर लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाची परीक्षामुद्रा होती. या मंडळाची सनद इ. स. १६३७ ची आहे, व जादा दारूचा बार सोसलेल्या नळीवरच त्याची मुद्रा उमटते. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह इ. स. १८१३ चे, त्याची मुद्रा निराळी. रिव्हॉल्वरच्या बाबतीत ही मुद्रा चक्राच्या घराघरावरही असावी लागते, कारण बार प्रथम घरातच फुटतो. आमच्या पिस्तुलाच्या चक्रावर एकही मुद्रा नव्हती. सांगाड्यावर अंक होता, चक्रावर तो असावयाचा त्या जागी कानस चालविल्याच्या रेघाही नव्हत्या. म्हणजे अंक खोडला गेला नव्हता, तेथे तो कधी नव्हताच.

यानंतर चालीची परीक्षा केली. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढविला असता तो पूर्ण चढेपर्यंत चक्र एक घर पुढे सरकून घट्ट अडकले पाहिजे. ही गोष्ट एकदा पाहून भागत नाही. घरे जितकी तितक्या वेळा पाहावी, कारण दंतचक्राचा एकच दात झिजलेला असला तर दोष एकाच घरी प्रकट होतो. आमच्याकडे पाचांपैकी दोन घरी चक्र थोडके अलीकडेच राहिले. चढलेल्या घोड्यास मागून अंगठ्याने हलके दाबले असता तो सुटता कामा नये. तो सुटला नाही, म्हणजे आतील खाच व कमान शाबूत होती. मग घोडा हाताने धरून हळूच खाली आणला. रिकाम्या हत्याराचा घोडा वरचेवर सोडून पाहणे ही वाईट खोड आहे, त्याने टोपी बसविण्याची टोके ठेचली जातात.

चक्र धरून पुढेमागे व दोन्ही बाजूंस हलविले. किंचित् हालचाल प्रत्येक जुन्या यंत्रात असते, परंतु येथे ते आंसावर सैल होते, व नळी आणि चक्र यांमधील फट एका बाजूस अधिक होती. शेवटी नळीच्या तोंडातून बेताच्या जाडीचा गज घालून तो प्रत्येक घरात उतरतो का पाहिले. तीन घरांत तो सरळ उतरला, दोन घरांच्या काठास अडला. ही तीच दोन घरे, जेथे चक्र अलीकडे राहत होते. असे घर उडविले असता गोळी नळीच्या कडेवर आपटते, शिसे सोलले जाऊन बाजूस उडते, आणि नेम तर चुकतोच, पण उडविणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्याही जीवावर बेतते. अशा वापराची खूण म्हणजे नळीच्या मागील तोंडाशी साचलेले शिसे व आजूबाजूची धूप. आमच्या पिस्तुलात त्या जागी यांपैकी काहीच नव्हते.

यावरून निष्कर्ष असा निघतो. सांगाडा व नळी इंग्रजी, इ. स. १८५६ नंतरची व पुष्कळ वापरलेली. चक्र मागाहून, बहुधा येथीलच एखाद्या कुशल लोहाराने, नमुन्यावरून घडवून बसविलेले. हे चक्र बसल्यावर पिस्तूल फारसे उडविले गेले नाही, कदाचित् कधीच नाही. मग ‘पणजोबांनी अनेक वर्षे शिकारीत वापरले’ ही कथा या वस्तूस, आज ती आहे त्या स्वरूपात, लागू पडत नाही. मूळ चक्र असताना ती खरी असू शकेल, अथवा यादीतील पिस्तूलच निराळे असू शकेल. दोहोंपैकी एक निवडण्यास आज साधन नाही, व साधनावाचून निवड करणे हे आमचे काम नव्हे.

मूळ पोथीची मधली काही पाने हरवली व कोणी नवीन लिहून घातली, तर आम्ही पोथी फेकून देत नाही. कोणती पाने कोणाच्या हातची, हे टिपून ठेवतो. हत्याराचेही तसेच आहे. ते चक्र परीक्षामुद्रेच्या अभावी निरुपयोगी ठरत असले, तरी विलायती यंत्राचा भाग आपल्या मुलखातील कारागिराने किती जवळून साधला याचा तो पुरावा आहे. आमच्या मते सबंध वस्तूत तोच भाग अधिक मोलाचा आहे. संग्राहकांस आम्ही इतकेच कळविले की पिस्तूल घ्यावयाचे तर जोडलेली वस्तू म्हणून घ्यावे, १८५७ ची अस्सल म्हणून नव्हे. ते कधीही उडवून पाहू नये, आणि यादीचा कागद त्यापासून तोडू नये. त्यांनी किंमत कमी केली. घरधन्यांस प्रथम वाईट वाटले. पुढे त्यांनी पिस्तूल न विकता दप्तरासह घरीच ठेवण्याचे ठरविले व यादीची नक्कल करण्यास आम्हांस परवानगी दिली.

जाता जाता कायद्याचे एक कलम सांगणे अवश्य आहे. जुनाट वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार दुरुस्ती करूनही उडविता येणार नसेल, तरच इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून त्यास सूट मिळते. दुरुस्तीने चालू होण्याजोग्या पिस्तुलास, ते कितीही जुने असो, परवाना लागतोच. शिवाय इ. स. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यान्वये शंभर वर्षांची वस्तू व पंचाहत्तर वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित ही पुरावस्तू गणली जातात, आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

ज्यांचेकडे अशी हत्यारे असतील त्यांनी ती घासूनपुसून चकचकीत करू नयेत, एवढीच विनंती आहे. अंक, मुद्रा व गंज या त्यांच्या ओळी आहेत, आणि एकदा पुसल्या गेलेल्या ओळी पुन्हा वाचता येत नाहीत.