रकान्यात न मावलेलं काम



शिरगणतीचे गुरुजी दारात येतात. आम्ही मागे गोठ्यात शेण काढत असतो. "बाई काय करतात?" ओट्यावरून उत्तर जातं, "काही नाही, घरीच असते." झालं, रकाना भरला! खरं सांगायचं तर कधी कधी आम्हीच तसं सांगतो.

हा रकाना जुना आहे. आपल्या देशात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९३१ साली माणसांचे तीन गट केले: कमावणारे, काम करणारे आश्रित आणि काम न करणारे आश्रित. घरच्या शेतात राबणारी बाई बहुधा दुसऱ्या गटात जायची. म्हणजे काम तिचं, पण ती आश्रितच!

१९६१ मध्ये हंगामापुरतं नेमानं केलेलं कामही धरलं. तेव्हा शंभरातल्या सुमारे २८ बाया कामकरी ठरल्या. १९७१ ला प्रश्न बदलला: तुमचं मुख्य काम कोणतं? बायांनी सांगितलं, घरकाम. आकडा निम्म्याच्या आसपास घसरला. बायांनी खुरपं टाकलं होतं का? नाही. पुढच्याच वर्षी, १९७२ च्या दुष्काळात, महाराष्ट्रात खडी फोडायला हजारो बाया उभ्या होत्या.

१९८१ ला 'मुख्य' आणि 'सीमान्त' असे दोन रकाने आले. वर्षातून सहा महिने काम असेल तर मुख्य, कमी असेल तर सीमान्त. १९९१ ला प्रश्नातच शब्द घातले की शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही सांगा.

तरी स्वयंपाक, पाणी, धुणंभांडी बाहेरच राहिली. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं.

मोजलं नाही, तर कागदावर ते काम नसतंच. आणि कागद बघूनच योजना ठरतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करू. पेरणी, खुरपणी, काढणी, दूध विकणं, शिवणकाम, यात वर्षाचे किती दिवस गेले ते प्रत्येकीनं बोटांवर मोजायचं. गुरुजी आले की ओट्यावरून कुणी बोलायच्या आधी हात धुऊन पुढे यायचं आणि आपलं काम आपल्याच तोंडानं सांगायचं.